आधीं छर्रा, मग बंदूक

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील ह्यानें २०२२ सालीं कैरो येथें १० मीटर एअर रायफलीचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यानें २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें रायफलीचें कांस्यपदक जिंकलें. तेव्हांपासून आमच्या विद्यार्थ्यांत व विद्यार्थिनींत एअर रायफलीचा, म्हणजे लोक जिला छर्ऱ्याची बंदूक म्हणतात तिचा, नाद बराच वाढला आहे. कुसाळे ह्यांची रायफल निराळी, ती काडतुसाची आणि अंतरहि ५० मीटरचें. पण मुलांच्या उत्साहाला एवढा भेद कोठला दिसायला! पालक शाळेंत येतात आणि आम्हांस विचारतात, “गुरुजी, मुलासाठीं कोणती बंदूक घ्यावी ?” बंदुकीची किंमत, तिची लांबी, तिच्या दस्त्याचें लांकूड ह्यांची चौकशी होते. छर्रा कोणता घ्यावा हें मात्र आजवर एकाहि पालकानें आम्हांस विचारलेलें नाहीं. तो दुकानदार देईल तो घ्यावयाचा, अशी सर्वांची समजूत दिसते. ही समजूत चुकीची आहे, इतकेंच नव्हे तर ती मुलाच्या पैशाला, आरोग्याला आणि कांहीं अंशीं त्याच्या शीलालाहि बाधक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें येथें सविस्तर मांडण्याची आम्ही परवानगी घेतों.

प्रथम एका आक्षेपाचा परामर्श घेणें भाग आहे. हा वर्धा जिल्हा आहे. महात्मा गांधी १९३६ सालीं शेगांवीं राहावयास आले आणि त्याच शेगांवाचें १९४० सालीं सेवाग्राम झालें. पवनारास धाम नदीच्या कांठीं विनोबाजींचा आश्रम आहे. अशा भूमींत शाळेनें मुलांच्या हातीं बंदूक द्यावी काय, असा प्रश्न एका वयोवृद्ध गृहस्थांनीं आम्हांस केला. ह्याच जिल्ह्यांत पुलगांवीं सैन्याचें मोठें दारूगोळा भांडार आहे, असें उलट उत्तर देतां आलें असतें. पण तें उत्तर नव्हे, ती केवळ तोंड बंद करण्याची युक्ति झाली. आमचें खरें उत्तर असें, कीं बंदूक कशासाठीं आहे हें बंदुकीकडे पाहून कळत नाहीं. तें तिच्यांत घातलेल्या छर्ऱ्याकडे पाहून पुष्कळसें कळतें. कसें, तें पुढें येईल.

छर्रा म्हणजे काय, हेंच पुष्कळांना ठाऊक नसतें. एअर रायफलीचा छर्रा वाटोळी गोळी नव्हे. तो हातावर घेऊन पाहिला तर त्याची आकृति डमरूसारखी दिसते : पुढें भरीव डोकें, मध्यें बारीक कंबर आणि मागें पोकळ, किंचित् रुंद घेर. युरोपांत डायाबोलो नांवाचें दोन वाट्या पाठीला पाठ लावल्यासारखें एक खेळणें असतें, त्यावरून ह्या छर्ऱ्यालाहि डायाबोलो म्हणतात. आम्हांस मात्र डमरूच अधिक जवळचा वाटतो. ही आकृति शोभेसाठीं नाहीं. चाप ओढतांच स्प्रिंगनें ढकललेला दट्ट्या पुढें येतो, त्यापुढील हवा दाबली जाते, आणि ती छर्ऱ्याच्या पोकळ घेरांत शिरून त्यास फुगवते. शिसें मऊ असल्यामुळें घेर नळीच्या भिंतीस घट्ट बसतो व हवा बाजूनें निसटूं शकत नाहीं. नळीच्या आंत मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या खांचा असतात. त्यांत रुतून छर्रा स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडतो, आणि भोंवरा जसा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तसा तोहि फिरत असेपर्यंत आपलें तोंड पुढें ठेवतो. डोकें जड व घेर हलका असल्यानें मागची हवाहि त्यास सरळ ठेवण्यास मदत करते. आतां ह्यांत छर्ऱ्याचा घेर दबलेला असेल, डोकें वांकडें असेल किंवा आकार नळीस जुळत नसेल, तर लाख रुपयांची बंदूकहि बिचारी काय करणार ?

बाजारांत छर्ऱ्यांचे मुख्यतः चार प्रकार मिळतात. चपट्या तोंडाचे, ज्यांस दुकानदार फ्लॅट म्हणतात; गोल डोक्याचे; अणकुचीदार; आणि तोंडाशीं खळगा असलेले. शाळेंतील नेमबाजी कागदावर व्हावयाची असते. म्हणून आमच्या मतें शाळेला प्रकार एकच, चपटा. त्याचें कारण कागदांतच आहे. १० मीटरच्या निशाणावरील काळा गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याच्या अगदीं मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. छर्ऱ्यानें पाडलेलें छिद्र वरच्या गुणाच्या रेषेला नुसतें शिवलें तरी तो गुण मिळतो. चपट्या तोंडाचा छर्रा लोहाराच्या सुंब्याप्रमाणें कागदाची गोल टिकली कापून नेतो. छिद्र स्वच्छ, त्याची कड स्पष्ट. गोल डोक्याचा छर्रा कागद बाजूला सारून व फाडून जातो, मागें चिंध्या राहतात, छिद्र असावें त्याहून लहान दिसतें, आणि मग गुण सात कीं आठ ह्यावरून दोन जिवलग मित्रांत भांडण जुंपतें. मोठ्या स्पर्धांतून आतां छिद्राची जागा विद्युत् यंत्रें मोजतात, हें खरें. शाळाशाळांतून अजून कागदच आहे, आणि तो आम्हांस प्रिय आहे, कारण आपली चूक मुलाला हातांत धरून घरीं नेतां येते.

असें असतां मुलें दुकानांत गेलीं म्हणजे मागतात कोणता छर्रा ? अणकुचीदार. आम्ही अनेक मुलांस विचारून पाहिलें. “तो जास्त घुसतो,” हेंच उत्तर. कशांत घुसतो ? कागदांत घुसण्याला अणीची गरज नाहीं. नेमहि त्यानें सुधारत नाहीं. उलट ती बारीक अणी डब्यांतल्या डब्यांत आपटून बोथट अगर वांकडी होते आणि दहा छर्रे दहा दिशांना जाण्यास कारण मिळतें. तेव्हां “जास्त घुसतो” ह्या उत्तराचा अर्थ लावण्यास फार बुद्धि लागत नाहीं. शेताच्या धुऱ्यावरील बाभळीवर बसलेला होला, वडाच्या झाडावरील हरियाल, तारेवरचा नीलपंख ह्यांपैकीं कोणीतरी त्या मुलाच्या मनांत असतो.

ह्याविषयीं आम्ही मऊ शब्द वापरणार नाहीं. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. नीलपंखाला वर्धेकरांनीं २०१८ सालीं मतें देऊन आपला शहरपक्षी निवडलें. त्यांची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं गुन्हा आहे, आणि साधी छर्ऱ्याची बंदूक परवान्यावांचून मिळते म्हणून तिनें केलेली शिकारहि माफ आहे असें कोणी समजूं नये. अरुणाचल प्रदेशांत घरोघर अशा बंदुका होत्या व त्यांनीं रानें पक्ष्यांवांचून मुकीं होऊं लागलीं होतीं. तेथें २०२१ सालीं लोकांनीं आपण होऊन बंदुका सरकारजमा कराव्या अशी मोहीम निघाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत १६०० हून अधिक बंदुका लोकांनीं आणून दिल्या. तेथील शिकारीला पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती, तरी त्या लोकांना हें साधलें. आपल्याकडील मुलाला तर केवळ सुटीचा कंटाळा घालवावयाचा असतो. चिमणीची किंमत बाजारांत कितीहि थोडी असली तरी तिचा हिशेब ठेवणारा कोणी आहे, ही शिकवण आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलानें, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, उपासनेच्या तासाला ऐकली आहे. ती तासापुरती राहूं नये.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. चपटा छर्रा निरुपद्रवी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तोहि पक्ष्याला मारूं शकतो, आणि माणसाचा डोळा तर कोणत्याहि छर्ऱ्यानें क्षणांत जातो. चपट्या छर्ऱ्याचा आग्रह आम्ही धरतों तो त्याची शक्ति कमी म्हणून नव्हे, तर तो कागदासाठीं केलेला आहे म्हणून. मुलगा दुकानांत जाऊन चपटा छर्रा मागतो तेव्हां तो कागदावर नेम धरणार आहे हें त्यानें दुकानदारासमोर आणि स्वतःसमोर कबूल केलेलें असतें. आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांच्या आक्षेपाला आमचें उत्तर हेंच.

आतां वजन आणि माप. छर्ऱ्याचें वजन ग्रेनमध्यें मोजतात. एका ग्रॅममध्यें सुमारें १५.४ ग्रेन भरतात. शाळेंत चालणाऱ्या ४.५ मिलिमीटर व्यासाच्या बंदुकीसाठीं सुमारें ७ ग्रेनपासून १० ग्रेनपर्यंत व त्याहून जडहि छर्रे मिळतात. स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा बहुधा ८.२ ग्रेनच्या, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून किंचित् अधिक वजनाचा असतो. मुलांना हलका छर्रा आवडतो, कारण तो वेगानें जातो असें डब्यावर लिहिलेलें असतें. पण वेग हा १० मीटरवर गुण नाहीं. स्पर्धेच्या रायफली आपला छर्रा सेकंदाला सुमारें १७० मीटरच्या वेगानें, म्हणजे आवाजाच्या निम्म्या वेगानेंच, सोडतात आणि त्यांत त्या समाधानी असतात. शिवाय जोरकस स्प्रिंगच्या बंदुकींत फार हलका छर्रा घातला तर तो दट्ट्या पुरता पुढें येण्याच्या आधींच निघून जातो. मग दट्ट्यापुढें हवेची गादी राहत नाहीं, तो आपटतो, आणि बंदूक खिळखिळी होते. बंदुकींत छर्रा न घालतां चाप ओढण्यानें होतें तें नुकसान हेंच, थोड्या कमी प्रमाणांत. उलट अशक्त स्प्रिंगच्या बंदुकींत जड छर्रा घातला तर तो आळशी विद्यार्थ्याप्रमाणें कसाबसा पोहोंचतो, आणि तोहि खालच्या वर्गांत.

माप ह्याहून सूक्ष्म. चांगल्या डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो : ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. शतांश मिलिमीटरचा हा भेद पाहून कोणासहि हंसूं येईल. पण एकाच कारखान्यांत, एकाच दिवशीं झालेल्या दोन नळ्यांनाहि निरनिराळे छर्रे मानवतात. ह्याचें कोष्टक कोणी करूं शकलेलें नाहीं. अंगठ्यानें हलकेंच दाबतांच छर्रा नळींत बसावा. तो घसरून आंत पडूं नये आणि ठोकावाहि लागूं नये, एवढी पहिली परीक्षा डोळे मिटून घेतां येते. पुढची परीक्षा कागदावरच.

शौल राजानें दाविदाला आपलें चिलखत व तरवार दिली, तेव्हां त्या मेंढपाळाच्या पोरानें तीं अंगावर चढवून पाहिलीं आणि उतरवून ठेवलीं, कारण तीं त्यानें कधीं वापरून पाहिलेलीं नव्हतीं. मग तो ओढ्यावर गेला आणि गोफणीसाठीं गुळगुळीत असे पांच गोटे त्यानें निवडून घेतले. ही कथा मुलें लहानपणापासून ऐकतात, पण त्यांतील निवडण्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. सर्वांचें लक्ष गल्याथाच्या कपाळाकडे! ओढ्यांत गोटे हजारों होते. खडबडीत गोटा गोफणींतून निघतांना अडखळतो, हें त्या पोराला मेंढरें राखतांना कळलेलें होतें.

तशी परीक्षा बंदुकीची घ्यावी ती अशी. बंदूक टेबलावर ठेवावी, पण थेट लांकडावर नव्हे. वाळूच्या पिशवीवर आपला हात ठेवून त्या हातावर ती सैल विसांवूं द्यावी, कारण स्प्रिंगची बंदूक घट्ट दाबली म्हणजे उसळून नेम बिघडवते. छर्रा बदलला कीं पहिले कांहीं बार हिशेबांत धरूं नयेत. मग त्याच जागेवर नेम धरून पांच बार करावे, कागद बदलून पुन्हां पांच. साईट मध्येंच फिरवूं नये. छिद्रें काळ्या गोलाच्या मध्यावर पडलीं कीं नाहींत हें पाहण्याची ही वेळ नव्हे. तीं एकमेकांच्या किती जवळ पडलीं, झुबका किती लहान आहे, तें पट्टीनें मोजावें. झुबका लहान असून बाजूला गेला तर साईट फिरवून तो मध्यावर आणतां येतो. विसकटलेला झुबका मध्यावर असला तरी त्याचा कांहीं उपाय नाहीं. आमच्या शाळेच्या बंदुकांपैकीं एकीला परदेशी महाग डब्यापेक्षां देशी स्वस्त डबा अधिक मानवला आणि दुसरीचें नेमकें उलट झालें. पांच मुलांनीं दोन दुपारीं हें काम केलें, वहींत कागद चिकटवून ठेवले. आणि विज्ञानाच्या तासाला प्रयोग म्हणजे काय हें सांगण्याचे आमचे पुष्कळ श्रम वांचले.

येथून प्रश्न येतो पैशाचा, आणि ह्या बाबतींत आमचें मत कांहीं जाणत्या मित्रांच्या मताहून भिन्न आहे. ते म्हणतात, मुलाला पहिल्या दिवसापासून उत्तमांतला उत्तम परदेशी छर्रा द्यावा. खराब छर्ऱ्यानें चुकलेला नेम आपला कीं छर्ऱ्याचा हें मुलाला कळत नाहीं आणि त्याचा विश्वास डळमळतो. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण हिशेब करून पाहूं. छर्ऱ्याचा व्यास ४.५ आणि ठिपका ०.५ मिलिमीटर, तेव्हां छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आंत पडला तरच दहा गुण मिळतात. जो नेमबाज साठ बारांपैकीं बहुतेक त्या एवढ्याशा जागेंत टाकतो, त्याला छर्ऱ्याच्या दोषानें पडणारा एक मिलिमीटरचा फरकहि जड जातो. सुमा शिरूर ह्यांनीं २००४ सालीं क्वालालंपूर येथें आशियाई स्पर्धेंत ४०० पैकीं ४०० गुण मिळविले, म्हणजे चाळीसच्या चाळीस बार दहांत. त्यांतील एकहि छर्रा वांकडा निघून चालणार नव्हता. २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत रुद्रांक्ष पाटील व त्याच्या दोघां सोबत्यांनीं मिळून १८९३.७ गुणांचा जागतिक विक्रम केला, तेथें तर गुण दशांशांत मोजले जात होते. असे नेमबाज डब्यावरील लॉटचा आंकडा पाहून, बंदूक शिकंज्यांत धरून, एकेक लॉट तपासून घेतात. तें त्यांचें कर्तव्यच आहे.

आमच्या सातवीच्या मुलाचे बार मात्र काळ्या गोलभर आणि पुष्कळदां त्याच्या बाहेर पसरलेले असतात. तीस मिलिमीटरच्या पसाऱ्यांत छर्ऱ्याचा एक मिलिमीटर कोठें शोधावा ? त्याचा श्वास, त्याचें खांद्याचें कातडें आणि त्याचें चाप हिसकणारें बोट, ह्यांत दोष आहे. पांचशें छर्ऱ्यांचा डबा, आठवड्यांतून तीन दिवस रोज चाळीस बार धरले तर, महिन्याभरांत संपतो. ज्या बापाच्या घरीं कापूस वेंचून झाल्यावर वाण्याची उधारी फिटते, त्यानें दर महिन्याला जर्मनीचा डबा आणावा असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आणि आम्ही तसें सांगितलें तर हा खेळ फक्त पैसेवाल्यांच्या मुलांचा होईल. मुंबईच्या अंजली भागवत ह्यांचा नेमबाजीशीं पहिला परिचय एन.सी.सी.च्या शिबिरांतून झाला, आणि २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें त्या एअर रायफलीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोंचल्या. मुलीच्या हातीं आरंभीं काय होतें त्यापेक्षां तिला आरंभ करूं कोणी दिला, हें महत्त्वाचें.

म्हणून आमचें मत असें : आरंभींचें एक वर्ष मुलानें परीक्षेंत उतरलेला साधा देशी चपटा छर्रा वापरावा, पण तो एकच वापरावा. दर आठवड्याला डबा बदलणारा मुलगा कधींहि शिकत नाहीं, मग त्याचे डबे कितीहि भारी असोत. त्याच्या हातचा झुबका लहान होऊं लागला, आणि विसाव्यावर ठेवलेल्या बंदुकीच्या झुबक्याशीं त्याची तुलना करण्याजोगी स्थिति आली, म्हणजे चांगला छर्रा आणण्याची वेळ झाली. ती वेळ कागदच सांगतो. आमच्या मित्रांना विश्वास डळमळण्याची भीति वाटते, तिला आमचें उत्तर असें, कीं प्रत्येक सत्राच्या आरंभीं शिक्षकानें मुलासमोर तीच बंदूक व तोच छर्रा घेऊन टेबलावरून पांच बार करून दाखवावे. बंदुकीचा दोष किती आणि आपला किती, हें मुलाच्या डोळ्यांना दिसेल.

एवढें झाल्यावर ज्या गोष्टीची आम्हांस सर्वांत अधिक चिंता वाटते तिच्याकडे वळतों. छर्रा शिशाचा असतो. शिसें विष आहे. तें शरीरांत शिरलें म्हणजे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करतें, आणि शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं, हें जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट सांगितलें आहे. आणि आमचीं मुलें काय करतात ? एक हात बंदुकीला, दुसरा नळीला, म्हणून पुढचे दोनचार छर्रे तोंडांत धरून ठेवतात ! शिंपी ओंठांत टांचण्या धरतो तसे. ही संवय आम्ही डोळ्यांनीं पाहिली आहे आणि पालकांनीं घरीं ती एकदां तरी पाहिली असेलच. छर्रा तोंडांत घालणाऱ्या मुलाची बंदूक त्या दिवसापुरती नव्हे, त्या सत्रापुरती काढून घ्यावी, ह्याहून सौम्य उपाय आम्हांस मान्य नाहीं.

बार झाल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून डब्याला हात लावूं नये. येथें डबा म्हणजे जेवणाचा. छर्रे खिशांत सुटे ठेवूं नयेत. त्यांचे घेर दबतात आणि त्याच खिशांत शेंगदाणे असतात. नेमबाजीच्या जागीं कोरडा झाडू मारूं नये, कारण शिशाची बारीक धूळ उडते; ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. निशाणामागें पत्र्याची पेटी ठेवून झालेले छर्रे तींत जमा करावे, मातींत जाऊं देऊं नयेत. पाणथळींत पडलेले शिकाऱ्यांचे शिशाचे छर्रे बदकें खडे समजून गिळतात व मरतात, म्हणून युरोपीय संघानें २०२३ पासून पाणथळ जागीं असे छर्रे झाडण्यास बंदी केली आहे. आमच्या अंगणांत बदकें नाहींत, पण कोंबड्या आहेत. आणखी एक : शिसें ३२७ अंशांवर वितळतें, म्हणजे चुलीवरहि वितळतें. वापरलेले छर्रे घरीं नेऊन त्यांचीं गळाला वजनें ओतण्याचा कोणाचा विचार असेल तर त्यानें तो सोडून द्यावा. त्या भांड्यांत पुन्हां स्वयंपाक होणार असतो आणि तेथें जवळच धाकटें भावंड बसलेलें असतें.

शिशाऐवजीं कथलाच्या मिश्रधातूचे छर्रेहि आतां मिळतात. ते हलके, कठीण आणि महाग असतात; लांबच्या अंतरावर त्यांचा झुबका बहुधा विसकटतो. १० मीटरवर मात्र ते अगदींच टाकाऊ नाहींत. किंमत उतरली तर लहान वर्गांसाठीं शिसें बंद करून कथील आणावें, भले गुण थोडे कमी पडोत, असें आम्हांस वाटतें. व्यवस्थापक मंडळींत ह्यावर मतभेद आहे व तो राहील.

डबा उघडल्यावर छर्रे पांढऱ्या कागदावर पसरून पाहावे. ज्याचा घेर चेपलेला किंवा डोक्यावर कोंचा आहे तो बाजूला काढावा. पावसाळ्यांत ओल लागून शिशावर पांढरी भुकटी धरते. असा डबा वापरूं नये, आणि ती भुकटी फुंकून उडवूं तर मुळींच नये. एकदां झाडलेला छर्रा पुन्हां नळींत घालूं नये. त्यावर पहिल्या फेरीच्या खांचा उमटलेल्या असतात. पोलादी गोळ्या छर्ऱ्यांच्या बंदुकींत घालणारे महाभागहि आहेत. त्या नळींतील खांचा खरवडतात आणि कठीण वस्तूवर आदळून झाडणाऱ्याच्याच तोंडाकडे परत येतात.

आमची मुख्याध्यापकांस विनंति अशी, कीं येत्या जूनपासून कोणत्याहि विद्यार्थ्यानें घरून छर्रे आणूं नयेत असा नियम व्हावा. छर्रे शाळेनें घाऊक घ्यावे, फक्त चपटे. प्रत्येक बंदुकीला परीक्षेंत मानवलेला डबा तिच्याच क्रमांकाच्या कप्प्यांत राहावा. मुलाला चाळीस छर्रे लांकडी पाटींत मोजून द्यावे आणि चाळीस छिद्रें व पेटींतील शिसें पाहून हिशेब मिटवावा. वर्गणी घ्यावयाची ती छर्ऱ्यांची घ्यावी आणि ती सर्वांस सारखी असावी. ज्यांस ती जड जाईल त्यांनीं वर्गशिक्षकांस खाजगी रीतीनें कळवावें. ज्या पालकांनीं आधींच अणकुचीदार छर्ऱ्यांचे डबे घेतले आहेत त्यांनीं ते उघडले नसल्यास दुकानांत परत करून पाहावे. उघडले असल्यास शाळेंत आणून द्यावे. वजन करून ते वापरलेल्या शिशाबरोबर भंगारवाल्यास दिले जातील, आणि आलेले पैसे निशाणाच्या कागदांसाठीं खर्च होतील.